वाचक विचारतात : स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळताना

मागच्या अंकात आम्ही डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, या विषयावर प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं मुंबईतून आणि उपनगरांतून आली. नावं काढून, थोडं आटोपशीर करून त्यांतली काही इथे घेतली आहेत. निम्म्याहून जास्त पत्रांत ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे, म्हणून आधी एक खुलासा. हा चळ नाही आणि वयाचा भागही नाही. मेंदूच्या पेशी नष्ट करणाऱ्या आजारांचं ते एकत्रित नाव आहे. अल्झायमर हा त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. माणूस हट्टाने तसा वागतोय, असं वाटायला लागलं की घरात भांडणं सुरू होतात. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे.

आई ७६ वर्षांची. चाळीस वर्षं लालबागच्या चाळीत काढली. चार वर्षांपूर्वी आम्ही बोरिवलीला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. संध्याकाळी पाच वाजले की पिशवी भरते आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभी राहते. ‘अगं, हेच आपलं घर’ म्हटलं की रडते, चिडते. दोनदा गेटपर्यंत पोचली. काय बोलायचं? आणि खरंच बाहेर पडली तर काय करायचं? — बोरिवली

‘हेच आपलं घर’ हे वाक्य आजपासून बंद करा. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी बिघडतो. चार वर्षांचं बोरिवली त्यांच्या मनात उतरलेलंच नाही. चाळीतली चाळीस वर्षं मात्र शाबूत आहेत. त्यांच्या दृष्टीने त्या दिवेलागणीच्या वेळी परक्या घरात अडकल्या आहेत आणि समोरचा माणूस ‘इथेच राहा’ म्हणतोय. अशा वेळी कोणीही घाबरेल.

त्यांच्या बोलण्याला हो म्हणा आणि पुढे विचारा. ‘लालबागला जायचंय होय? कोण कोण वाट बघत असेल?’ मग ऐका. ‘मुलं शाळेतून येतील’ असं म्हणाल्या तर काळजी मुलांची आहे. ‘नळाला पाणी येईल’ म्हणाल्या तर कामाची घाई आहे. उत्तर त्या काळजीला द्या : ‘मुलं जेवली आहेत, मी बघितलं.’ मग हाताला काम द्या : ‘निघायच्या आधी एवढी कोथिंबीर निवडून देता का?’ निवडणं, मटार सोलणं, रुमालांच्या घड्या घालणं ही हातांच्या सवयीची कामं बराच काळ टिकतात. ‘हे खोटं बोलणं झालं ना?’ असं बऱ्याच जणांनी विचारलंय. ज्या सत्याने रोज त्याच माणसाला नव्याने धक्का बसतो आणि पाच मिनिटांत ते पुसलंही जातं, ते सांगून कोणाचंच भलं होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाचची वेळही योगायोगाची नाही. दिवसभराचा थकवा, भूक आणि कमी होणारा उजेड एकत्र आले की गोंधळ वाढतो. पावसाळ्यात तर मुंबईत चार वाजताच अंधारून येतं. साडेचारलाच घरातले सगळे दिवे लावा. कोपऱ्यातली सावली आणि काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब त्यांना परकं माणूस वाटू शकतं, म्हणून काळोख व्हायच्या आत पडदे ओढा. चारला काहीतरी खायला द्या. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नका आणि दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. सकाळी उन्हात अर्धा तास चालणं झालं तर संध्याकाळ सोपी जाते. त्या दाराशी गेल्याच, तर कधी कधी बरोबर खाली उतरा, सोसायटीला एक चक्कर मारा आणि ‘चला, आलं घर’ म्हणत परत या. आश्चर्य वाटेल, पण बऱ्याचदा एवढ्याने भागतं.

आता दार. मुख्य दाराला नेहमीच्या जागी नसलेली जास्तीची कडी लावा, अगदी वर किंवा अगदी खाली. नेहमीच्या जागेबाहेर त्यांची नजर सहसा जात नाही. दाराच्याच रंगाचा पडदा सोडला तरी फरक पडतो. वीस-पंचवीस रुपयांची घंटी किंवा घुंगरू दाराला अडकवा. त्यांना एकटं आत ठेवून बाहेरून कुलूप लावणं मात्र कधीही नको. उंच इमारतीत आग लागली तर ते कुलूप जीव घेईल. खिडकी-गॅलरीला ग्रिल नसेल तर ते काम या महिन्यातच उरकून घ्या.

वॉचमनच्या तिन्ही पाळ्यांना आईंचा फोटो आणि दोन फोन नंबर द्या. केबिनमध्ये चिकटवून ठेवायला सांगा. हात धरून अडवायचं नाही, खुर्ची द्यायची, ‘आजी, बसा, मुलगा येतोय खाली’ म्हणायचं आणि फोन करायचा, हे समजावून सांगा. बाईमाणूस घरातून निघताना पर्स घेतेच असं नाही, म्हणून ओळखपत्र पर्समध्ये ठेवून उपयोग नाही. कापडी पट्टीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने नाव आणि दोन मोबाइल नंबर लिहून ती परकराच्या, ब्लाउजच्या आतून शिवा. रोज हातात असणाऱ्या कड्यावर नंबर कोरून घेतला तर आणखी चांगलं. दर महिन्याला एक ताजा, डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

दिसेनाशा झाल्या तर इमारतीचे जिने, गच्ची, पार्किंग, पंपाची खोली आणि बंद पडलेली लिफ्ट दहा-पंधरा मिनिटांत बघून घ्या. तोवर दुसऱ्याने ११२ ला फोन करून जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. ‘चोवीस तास थांबा’ असा कुठलाही नियम नाही. कोणी तसं म्हणालं तर ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. लोकलची शक्यता असेल तर स्टेशन मास्तरांना आणि १३९ वर रेल्वेला कळवा. पोलिसांना जुने पत्ते सांगायला विसरू नका : चाळ, माहेर, नोकरीची जागा. स्टेशनांची जुनी नावंही सांगा. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ साली झालं. तुमच्या आई रिक्षावाल्याला, तिकीटवाल्याला ‘एल्फिन्स्टन’च म्हणतील. शोध लालबागच्या वाटेवरच आधी घ्या. स्मृतिभ्रंश झालेला माणूस सहसा जुन्या, पायाखालच्या रस्त्याला लागतो.

सासूबाई म्हणतात मी त्यांच्या बांगड्या चोरल्या. शेजाऱ्यांनाही सांगतात. बारा वर्षं मीच त्यांचं करतेय. — चेंबूर

हे ऐकून तुमच्या काळजाला घरं पडली असणार. सर्वांत जवळचा, रोज डोळ्यांसमोर असणारा माणूसच चोर ठरतो, कारण वस्तू हलली तेव्हा तोच घरात होता. त्यांनी स्वतःच बांगड्या कुठेतरी सुरक्षित ठेवल्या, ठेवल्याचं विसरल्या, आणि मेंदूने ती रिकामी जागा ‘कोणीतरी नेल्या’ अशी भरून काढली. आपली बाजू मांडू नका. ‘नाहीत होय? चला, दोघी मिळून शोधू,’ म्हणा. सापडल्या तरी ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ हे शब्द गिळा.

खरं सोनं लॉकरमध्ये जाऊ द्या. तशाच दिसणाऱ्या बेन्टेक्सच्या बांगड्या, शंभराच्या चार-पाच नोटा असलेलं पाकीट त्यांच्या हाताशी ठेवा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात : तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, साड्यांच्या घड्या, देव्हाऱ्यामागची फट. कचऱ्याचा डबा ओला-सुका वेगळा करायच्या आधी रोज हाताने चाळा. दाताच्या कवळ्या आणि श्रवणयंत्रं तिथूनच कायमची जातात. शेजाऱ्यांना नवऱ्याने स्वतः जाऊन आजार समजावून सांगावा. ते काम सुनेवर टाकू नये.

बाबा ८१ वर्षांचे. आंघोळीला चलायचं म्हटलं की मारायला धावतात. दहा दिवस अंगाला पाणी नाही. आम्ही वन-बीएचकेत राहतो, बाथरूम साडेतीन बाय पाच. — मुलुंड

त्यांना आंघोळ नकोय असं धरून चालू नका. काय नकोय ते शोधा. आमच्या मते कारणं साधारण पाच : थंडी वाजते, पडायची भीती वाटते, लाज वाटते, डोक्यावरून येणारं पाणी घुसमटवतं, किंवा आंघोळ या कामाचे टप्पेच आठवत नाहीत.

तुमच्या बाथरूमची फरशी, भिंत, कमोड, बादली सगळं पांढरं आहे का? या आजारात खोलीचा अंदाज जातो. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही आणि ओली चमकणारी फरशी पाण्याने भरलेला खड्डा वाटते. गडद निळ्या किंवा लाल रंगाची बादली-मग, रंगीत कमोड सीट आणि खालून रबरी पकड असलेली गडद चटई घ्या. हात असलेली, पायांना रबरी टोप्या असलेली प्लास्टिकची मजबूत खुर्ची ठेवा. बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. भिंतीला स्टीलचा आधारदांडा बसवा. टॉवेलच्या दांडीवर माणसाचं वजन पेलत नाही, ती उखडून येते आणि खुब्याचं हाड मोडतं. आतली कडी काढून टाका. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं करा; माणूस दारामागे पडला की आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आरशातल्या माणसाला घाबरत असतील तर आरशावर कागद चिकटवा.

बाबा कामावर जायचे तेव्हा किती वाजता आंघोळ करायचे? पहाटे साडेपाचला असेल तर तीच वेळ धरा, अकरा वाजता कामवाली येऊन गेल्यावरची नको. सगळं आधीच मांडून ठेवा : कपडे घालायच्या क्रमाने, टॉवेल, साबण, बनियन. त्यांना आत नेल्यावर वस्तू आणायला बाहेर जायचं नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघा. गिझरचा नळ त्यांच्या हाती लागू देऊ नका.

‘आंघोळ’ हा शब्दच टाळा. ‘पाय धुऊ या’ म्हणा. खुर्चीवर बसवा, खांद्यांवर मोठा पंचा टाका आणि तो शेवटपर्यंत राहू द्या; पंच्याखालूनच धुवायचं. सुरुवात पावलांपासून, मग पोटऱ्या, मांड्या, हात, पाठ. त्यांच्या हातात एक ओला रुमाल द्या आणि तोंड त्यांनाच पुसू द्या. प्रत्येक मग ओतण्याआधी सांगा : ‘आता डावा पाय.’ एका वेळी एकच सूचना, आणि बोलणारं माणूसही एकच. डोकं त्या दिवशी धुऊच नका, केसांचा वार वेगळा ठेवा. लाज हे कारण असेल तर सुनेऐवजी मुलाने किंवा पुरुष अटेंडंटने हे करावं.

हात उगारला की थांबा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. आणि आठवड्यातून दोन आंघोळी पुरतात. बाकीचे दिवस काखा, जांघा, बायकांच्या बाबतीत स्तनांखालची घडी आणि पायांच्या बोटांमधली जागा कोमट फडक्याने पुसून कोरडी करायची. मुंबईच्या दमट हवेत बुरशी याच जागांवर धरते. रोजच्या आंघोळीचा आग्रह आपल्या संस्कारांचा आहे हे आम्हाला कळतं, पण त्यापायी रोज मारामारी झाली तर बाबा तुम्हालाच घाबरायला लागतील.

आजी रोज विचारते, आजोबा कुठे गेले. आजोबा २०१९ साली वारले. — दादर

पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगितलंत, ठीक केलंत. आता प्रत्येक वेळी सांगाल तेव्हा ती बातमी तिच्यासाठी पहिलीच असेल. ‘आठवण येतेय का गं त्यांची? त्यांना काय आवडायचं जेवायला?’ असं विचारून बोलू द्या. ‘गेले का ते?’ असं तिने थेट, समजून विचारलं तर मात्र हो म्हणा आणि जवळ बसा.

अण्णांचा स्मृतिभ्रंश तीन वर्षं हळूहळू वाढत होता. पण परवापासून एकदम बिघडलं. रात्रभर जागे, भिंतीवर किडे दिसतात, कपडे ओढतात, दिवसा ग्लानीत. आजार पुढच्या पायरीवर गेला का? — परळ

हे पत्र मिळाल्यावर आम्ही लगेच फोनवर उत्तर दिलं. सगळ्यांच्या उपयोगाचं म्हणून इथे देतो. अल्झायमर दोन दिवसांत असा उडी मारत नाही. काही तासांत किंवा दिवसांत झालेला बदल म्हणजे डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात ते, आणि त्यामागे जवळजवळ नेहमी शरीरातलं काहीतरी असतं. ते सापडलं तर माणूस बऱ्यापैकी पूर्वपदावर येऊ शकतो. ‘म्हाताऱ्यांचं असंच असतं’ म्हणून सोडून दिलं तर ते जिवावरही बेतू शकतं.

सगळ्यात आधी लघवीचा संसर्ग. म्हाताऱ्या माणसात जळजळ किंवा ताप नसतानाही तो असू शकतो. लघवी तुंबलेली आहे का? बेंबीखाली फुगवटा लागतो का? शौच किती दिवसांपूर्वी झालं? छातीत कफ, न्यूमोनिया? रक्तातलं सोडियम उतरलं का? रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे वारंवार होतं. साखर उतरली का? गेल्या दोन आठवड्यांत नवीन गोळी सुरू झाली, की एखादी बंद झाली? आणि गेल्या दोन महिन्यांत कधी पडले का? कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनी लक्षणं दाखवतं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना.

डॉक्टरांना एक कागद द्या : बदल नेमका कधी दिसला, शेवटचं शौच, शेवटची लघवी, २४ तासांत पोटात गेलेलं पाणी, सगळी औषधं. लघवीची तपासणी आणि कल्चर, हिमोग्राम, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर आणि ऑक्सिजन हे पहिल्या दिवशीच व्हायला हवं. ताप, उठवूनही न उठणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं किंवा डोक्याला मार यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नका. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत तातडीचा विभाग रात्रंदिवस चालू असतो. तोवर घरातली झोपेची गोळी देऊ नका. चष्मा लावा, श्रवणयंत्र घाला, घड्याळ समोर ठेवा आणि ओळखीचं एकच माणूस जवळ बसू द्या.

डिलिरियमचा आणखी एक प्रकार शांत असतो. माणूस गडबड करत नाही, फक्त गप्प होतो, झोपून राहतो, जेवत नाही. घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झाले. हा प्रकार जास्त निसटतो.

आईला डोनेपेझिल सुरू केलं. जुलाब होतात. शेजारच्या काकू म्हणतात बंद करा, काही उपयोग नसतो. — ठाणे

स्वतःहून बंद करू नका. अल्झायमरवर दिली जाणारी ही गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमने सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १० करतात. पहिल्या काही आठवड्यांतले जुलाब, मळमळ अनेकांत आपोआप कमी होतात, जेवणानंतर द्या. रात्री भयानक स्वप्नं पडत असतील तर ती सकाळी देता येते का हे डॉक्टरांना विचारा. नाडी मिनिटाला ५० च्या खाली, चक्कर, बेशुद्धी आली तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट अजिबात सोसत नसेल तर त्याच कामाच्या रिव्हास्टिग्मिन या औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच असतो. त्यात एक चूक वारंवार होते : कालचा न काढता आजचा लावला जातो आणि डोस दुप्पट होतो. आधी जुना सोलून काढा, नवा दुसऱ्या जागी लावा. त्याच जागी पुन्हा चौदा दिवस नको. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा कमी ताकदीपासून सुरुवात करावी लागते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

उपयोगाबद्दल काकू अर्धवट बरोबर आहेत. गेलेली स्मृती या गोळीने परत येत नाही. काहींमध्ये काही काळ रोजचं वागणं थोडं सावरतं, एवढीच अपेक्षा ठेवा.

आणि मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली सर्दी-खोकल्याची औषधं बघा. क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असलेली गोळी-सिरप डोनेपेझिलच्या उलट काम करतात आणि गोंधळ वाढवतात. चिडचिडीवर दिली जाणारी अँटिसायकोटिक (मुळात तीव्र मानसिक आजारांवरची) औषधं शेवटचा पर्याय असावीत. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ साली दिला होता. द्यावीच लागली तर किती दिवसांसाठी, आणि कमी कधी करायची, हे त्याच भेटीत विचारून घ्या.

बाबांना चहा पिताना ठसका लागतो. जेवण तोंडात धरून बसतात. — डोंबिवली

चहा-पाण्यासारखं पातळ गिळणं सर्वांत कठीण, कारण ते घशाकडे फार वेगाने जातं. बाबांना खुर्चीत ताठ बसवा, पलंगावर रेलून नको. हनुवटी किंचित छातीकडे. तुम्ही त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभं राहून भरवलं की ते मान वर करतात आणि घास श्वासनलिकेत जायची शक्यता वाढते. लहान चमचा, अर्धाच भरलेला. गिळल्याची कंठाची हालचाल दिसल्यावरच पुढचा. टीव्ही बंद. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा आणि गालात काही राहिलंय का ते बघून चूळ भरवा.

घट्ट आणि पातळ एकत्र असलेलं अन्न फसवं असतं : पातळ आमटीत सुटा भात, दुधात पोहे. चिवडा, शंकरपाळी, कोरडा पाव, कुरमुरे बंद करा. घोटलेला वरणभात, मऊ खिचडी, दही, पिकलेलं केळं, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत घट्ट नाचणीचं सत्त्व चालतं. पातळ पदार्थ दाट करायची पावडर औषधाच्या दुकानात मिळते, पण किती दाट करायचं हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या. चमकणाऱ्या स्टीलच्या ताटात पांढरा भात दिसत नाही म्हणूनही माणसं जेवत नाहीत. रंगीत ताट वापरून बघा. जेवणानंतर आवाज घोगरा-ओला येणं, वारंवार ताप, महिन्याभरात वजन दोन किलोने उतरणं, यांपैकी काही दिसलं तर थांबू नका.

वडिलांच्या नावावर फ्लॅट, एफडी, पेन्शन. मी नॉमिनी आहे, आणि मुखत्यारपत्रही करून घेतलंय. एवढं पुरेल ना? — गोरेगाव

नाही पुरणार. नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावर सुरू होतो. तो हयात असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही. मुखत्यारपत्राचं तर त्याहून वाईट. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं, नेमकं त्याच दिवशी निरुपयोगी.

वडील आज सही समजून करू शकतात का? सगळं त्यावर आहे. सुरुवातीच्या टप्प्यात अनेकांना व्यवहार नीट समजतात. निदान झालं म्हणजे क्षमता गेली असं नाही. समजत असेल तर याच महिन्यात खाती आणि एफडी ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने संयुक्त करून घ्या, त्यांच्या राजीखुशीने आणि भावंडांना सांगून. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात. त्याच दिवशीचं, त्यांना समजतंय असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. अखेरच्या आजारात कुठले उपचार नकोत हे लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ते सोपं केलं : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

क्षमता गेली असेल तर अशा माणसाच्या मालमत्तेसाठी आपल्याकडे सरळ सोपा कायदा नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू देतो, पण तो उपचारांपुरता, पैशांसाठी नाही. मग उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेले आहेत. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी आणि इतर वारसांची ना-हरकत लागते; भावंडांत वाद असेल तर इथे गाडी अडते.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून. बोटांचे ठसे जुळत नसतील तर ‘जीवन प्रमाण’ या सरकारी डिजिटल दाखल्याच्या, चेहरा ओळखण्याच्या सोयीने तो घरून मोबाइलवर देता येतो. उजेड चेहऱ्यावर पडू द्या, पाठीमागे खिडकी नको. सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यांतला एक बँकेचा अधिकारी हवा. सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकिंगही मागता येतं. आणि वडिलांच्या फोनमधलं यूपीआय आजच काढा, कार्डाची मर्यादा दोन-तीन हजारांवर आणा, बँकेचे संदेश तुमच्या नंबरवर वळवा. ‘पोलिसांतून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्यांना असा माणूस त्याच दिवशी पुन्हा पैसे पाठवतो, कारण पहिल्यांदा पाठवल्याचं त्याला आठवत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन.

मी ७१ वर्षांची, हे ७८ चे. रात्री चार वेळा उठतात, मी उचलून बाथरूमला नेते. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशी. माणूस ठेवायचा तर दिवसाचा ठेवू की रात्रीचा? — विलेपार्ले

रात्रीचा, काकू. दिवसभराचं तुम्ही अजून निभावून नेताय, पण झोप गेली की तुम्हीही पडाल, आणि मग दोघांना बघायला कोणी नाही.

त्यांना काखेत हात घालून उचलू नका, त्यांचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. पलंगाच्या कडेला बसवा, पाय मागे घ्या, ‘पुढे वाका’ म्हणा आणि कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरून उठवा. पलंगाशेजारी खुर्चीचा कमोड ठेवलात तर बाथरूमच्या दोन फेऱ्या तरी वाचतात. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी करा, पण दिवसभराचं भरून काढूनच.

रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांचा माणूस घेताना रोज नवा चेहरा येणार नाही हे ठरवून घ्या. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी मागा. पहिल्या दोन रात्री तुम्ही जाग्या राहून दाखवा आणि एक पान लिहून भिंतीला लावा : यांना कुठल्या नावाने हाक मारली की वळतात, ऐकू कुठल्या कानाने येतं, लघवी लागली की काय करतात, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात, कुठली गोळी किती वाजता. सकाळी त्या माणसाने तुम्हाला तीन गोष्टी सांगून जायचं : किती वेळा उठले, शौच झालं का, कुठे पडले-लागलं का.

मुलाने पुण्याहून औषधं मागवणं, बिलं, डॉक्टरांच्या वेळा आणि ब्युरोचा हिशोब सांभाळावा. महिन्यातून एक शनिवार-रविवार त्याने येऊन राहावं आणि त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या घरी झोपावं. मुलीने अटेंडंटचा पगार उचलावा, आणि ठरलेल्या वेळी रोज फोन करून वडिलांना अर्धा तास बोलतं ठेवावं, म्हणजे तेवढ्यात तुमचं जेवण निवांत होईल. हे त्यांना तुम्ही मागावं लागेल. आपणहून कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची हेल्पलाइन आहे. मनावरचा ताण असह्य झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही उचलला जातो, मराठीत बोलता येतं. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या १९९२ पासूनच्या संस्थेचा मुंबईत विभाग आहे. सांभाळणाऱ्यांच्या बैठका कधी असतात ते त्यांना विचारा. पहिल्या बैठकीला जाल तेव्हा मुलाला त्या दुपारी घरी बसवा आणि एकट्या जा.